एक शीशी इथं असू दे

2001 सालचा ऑगस्ट. मी तेरा वर्षांची होते आणि आमच्या घरात फ्रिज नव्हता.

कल्याणच्या एका रुग्णालयात सहा दिवस काढून आम्ही घरी परतलो तेव्हा आईनं एका हातानं मला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात बर्फ भरलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत दहा मिलीलीटरची काचेची बाटली. डॉक्टरांनी पुष्कळ सांगितलं होतं. आईच्या मनात पक्कं बसलं होतं ते एवढंच, की ही बाटली तापता कामा नये आणि गोठताही कामा नये. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, जुन्या लष्करी बॅरेकीतल्या दीड खोलीत आम्ही राहायचो. वर पत्रा. पावसानं दोन दिवस उघडीप दिली की आत काहिली व्हायची. आई दाराशी उभी राहिली, पिशवीतून पाणी ठिबकत होतं, आणि ती आत जाईना. शेजारच्या दारातून अम्मानं विचारलं, "क्या हुआ?"

आईला हिंदी धड यायचं नाही. तिनं पिशवी वर करून दाखवली. अम्मानं आतली बाटली पाहिली, माझं तोंड पाहिलं, आणि काय झालंय हे न विचारताच म्हणाली, "हमारे फ्रिज में रख दे, पुट." श्रीखंडाचा एक रिकामा डबा तिनं धुऊन पुसून घेतला, बाटली त्यात ठेवली आणि डबा मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला टेकणार नाही असा सरकवला. पुढची दोन वर्षं माझं औषध तिथं राहिलं. सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात, दिवसातून दोनदा मी तिच्या घरात जायची. पिंपरीला लेकीकडे जायची झाली की अम्मा घराची किल्ली आईच्या हातात देऊन जायची. त्या ऑगस्टपर्यंत आमचा आणि त्यांचा संबंध सार्वजनिक नळावर येईल तेवढाच होता.

फाळणीनंतर, 1948 मध्ये, बारा वर्षांची असताना अम्मा कराचीहून बोटीनं मुंबईला उतरली. तिथून इतर निर्वासितांबरोबर तिलाही कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणलं. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिथं नव्या वसाहतीची कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. कॅम्प एक, कॅम्प दोन, असे आकडे मात्र आजही लोकांच्या तोंडी आहेत. अम्मा त्या दिवसांबद्दल फार बोलायची नाही. एकदा मी सुई भरत असताना तिनं सांगितलं, की सिंधमधल्या सक्करचं घर सोडताना तिच्या आईनं किल्ली शेजारणीकडे दिली होती, कारण परत यायचंच होतं. "उसने सँभाल के रखी होगी," अम्मा म्हणाली. पन्नासहून जास्त वर्षं उलटून गेली होती, पण ती हे अगदी खात्रीनं बोलत होती.

माझा हा आजार, मधुमेह, पहिल्यांदा ओळखला गेला तो खो-खोच्या मैदानावर.

आमचे सर अंबरनाथला राहायचे आणि संध्याकाळी तिथल्याच एका मैदानावर मुलींचा सराव घ्यायचे. आम्ही चार-पाच जणी विठ्ठलवाडीहून लोकल पकडून जायचो. मध्ये उल्हासनगर, मग अंबरनाथ. मी संरक्षणाला पहिल्या तुकडीत असायची. साखळी पळण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं. त्या जुलैमध्ये काय झालं कोण जाणे, दोन मिनिटांत माझे पाय जड व्हायला लागले. घरात सगळ्यांना वाटलं, मुलगी वाढत्या वयाची आहे, उन्हातान्हात खेळते, म्हणून बारीक झाली. सरांनी मात्र एक दिवस सराव थांबवून विचारलं, "दर दहा मिनिटांनी पाण्याला का जातेस? रात्री किती वेळा उठतेस?" मी सांगितलं, पाच वेळा. ते त्याच संध्याकाळी आमच्या घरी आले, बाबांना बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "उद्या हिची साखर तपासा. मी चुकलो तर फार बरं होईल." ते चुकले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी रक्ताचा अहवाल येईपर्यंत मला उलट्या सुरू झाल्या होत्या, श्वास धापेचा झाला होता आणि साखर 500 च्या वर होती. आणखी दोन दिवस गेले असते तर हे लिहायला मी नसते.

घरी आल्यावर ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी खेळ बंद करायला सांगितलं. माझ्यावर आभाळ कोसळलं ते तेव्हा. सुईचं मला काही वाटलं नव्हतं. सरांनी बाबांना परळच्या केईएम रुग्णालयात दाखवायला लावलं. तिथं ओपीडीच्या गर्दीत एक तरुण निवासी डॉक्टर भेटल्या. केसपेपरच्या पाठीमागं त्यांनी पेनानं एक डोंगर काढला आणि एक दरी: चढलेली साखर आणि उतरलेली साखर. म्हणाल्या, गोड खाल्ल्यानं हा आजार होत नाही, मनातून काढून टाका. तुमच्याच शरीरातल्या संरक्षक पेशींनी स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्यात, त्या परत येणार नाहीत, म्हणून बाहेरून इन्शुलिन द्यायचं, जन्मभर. मग त्यांनी टोरांटोच्या लिओनार्ड थॉम्पसनची गोष्ट सांगितली. चौदा वर्षांचा मुलगा, उपासमारीच्या आहारावर कसाबसा जिवंत ठेवलेला. 11 जानेवारी 1922 ला त्याला जगातलं पहिलं इन्शुलिन टोचलं, ते पुरेसं शुद्ध नव्हतं. बारा दिवसांनी कॉलिप नावाच्या शास्त्रज्ञानं शुद्ध केलेलं दिलं आणि साखर खाली आली. इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट, कॉलिप यांनी त्यावर पैसे कमावले नाहीत; पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देऊन टाकले. बँटिंगचा जन्मदिवस 14 नोव्हेंबर, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे बालदिनही त्याच दिवशी. शाळेत त्या दिवशी खाऊ वाटायचे तेव्हा मला त्या मुलाची आठवण यायची. माझ्यापेक्षा एकाच वर्षानं मोठा होता तो.

"खेळ," त्या डॉक्टर म्हणाल्या, "पण एकटी खेळू नकोस. साखर उतरते तेव्हा सगळ्यात आधी जातं ते साखर उतरल्याचं भान. तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला तरी ते कळलं पाहिजे."

या वाक्याचा अर्थ मला पुरता कळायला वर्षं गेली. ताप आला तर माणूस स्वतः सांगतो. पाय मुरगळला तर स्वतः ओरडतो. साखर 70 च्या खाली घसरली की हात थरथरतात, घाम येतो, भूक लागते. इथवर सांगता येतं. आणखी खाली गेली की मेंदूलाच इंधन कमी पडतं, आणि ज्या मेंदूनं धोका ओळखायचा तोच म्हणतो, मला काही झालेलं नाही. त्या क्षणी आपला जीव दुसऱ्याच्या नजरेत असतो. मी किती जणांच्या नजरेत जगले याचा हिशेब मांडायला बसले आहे.

त्यात माझी मैत्रीण आहे. तीही आमच्याच कॅम्पातली, पाठलागाला माझ्या शेजारच्या पाटीवर बसायची. खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागं वळायचं नसतं, मधली रेषा ओलांडायची नसते. हे नियम माझ्या अंगात मुरलेले. पण एका दुपारी मी लागोपाठ तीन फाऊल केले. सर ओरडले, मी त्यांच्याकडे बघून हसले म्हणे. मला त्यातलं काहीच आठवत नाही. मैत्रिणीनं ते लक्षात ठेवलं. तेव्हापासून मी दिशा चुकले, की ती पाटीवरून उठून माझ्यासमोर उभी राहायची आणि विचारायची, "आज वार कोणता?" मी वार सांगितला तर पुन्हा खेळ सुरू. मी चिडले, "तुला काय करायचंय?" असं म्हणाले, तर ती एक शब्द न बोलता माझ्या तोंडात ग्लुकोजची पूड कोंबायची. तिच्या सलवारीच्या नेफ्यात कायम एक पुडी असायची. मी तिला ढकललेलं आहे. एकदा चावलेही आहे. पंधरा मिनिटांनी भान आलं की मी रडायची आणि ती केस बांधत म्हणायची, "चल, चल. तुझा नंबर आहे."

सर दर सोमवारी आम्हाला मैदानापासून शिवमंदिरापर्यंत पळवायचे. वालधुनीच्या काठावरचं ते शिलाहारांचं देऊळ 1060 सालचं. बाहेरून शिल्पांनी गच्च, आणि गाभारा मात्र खोल, पायऱ्या उतरून जावं लागतं असा. एका सोमवारी त्या पायऱ्या मला वर चढता येईनात. पुडी नेमकी मैदानावरच्या पिशवीत राहिलेली. बाहेर फुलं विकणाऱ्या मावशींनी प्रसादाची खडीसाखर पुढं केली. खडीसाखर लवकर विरघळत नाही. सरांनी ती रुमालात घातली, एका दगडावर दुसऱ्या दगडानं कुटली आणि ती भुकटी पाण्यात कालवून मला पाजली. त्या मावशी पुढं प्रत्येक सोमवारी माझ्यासाठी साखरेची एक पुडी टोपलीच्या कोपऱ्यात ठेवायच्या. मला लागो न लागो.

सरांनी माझ्यासाठी एक वही केली होती. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. त्यात तारीख, सकाळचं इन्शुलिन, दुपारी काय खाल्लं, किती पळाले, मग कशी होते. त्या काळी मला दिवसातून दोनदा मिश्र इन्शुलिन होतं, दुधासारखं; बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांमध्ये हळू घोळवायची. सकाळी घेतलेल्या डोसाचा जोर दुपारनंतर वाढतो आणि आमचे सामने नेमके दुपारी चारला. दीड महिना वही भरल्यावर सरांनीच केईएमच्या डॉक्टरांना विचारलं, "ज्या दिवशी ही मांडीत सुई घेते त्या दिवशी लवकर गळते. असं असू शकतं का?" असू शकतं. पळताना मांडीचे स्नायू काम करतात, तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि इन्शुलिन भराभर ओढलं जातं. त्या दिवसापासून सामन्याच्या सकाळची सुई पोटात. शिपायाची मुलगी किंवा साहेबाची मुलगी, सरांनी कुणाची फी कधी घेतली नाही. पण माझ्यासाठी त्यांनी जे घेतलं नाही त्यापेक्षा जे लिहून ठेवलं ते मोठं आहे.

रक्त तपासायचं यंत्र आमच्या आवाक्याबाहेर होतं. घरी बेनेडिक्टचं द्रावण असायचं. निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं, हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं की फार. पण लघवी सांगते ती काही तासांपूर्वीची गोष्ट, आणि साखर कमी झाली असेल तर काहीच सांगत नाही. मैदानावर तिचा उपयोग शून्य. दुसऱ्या वर्षी संघातल्या मुलींच्या घरच्यांनी वर्गणी काढून ग्लुकोमीटर घेतला. पट्ट्या महाग. आई घरी जीन्सचे धागे कापायची, पाच नंबर कॅम्पातून गाठोडी यायची. एका पट्टीसाठी तिला किती जीन्स कापाव्या लागतात ते मला ठाऊक होतं. म्हणून आठवड्याला तीनच पट्ट्या, आणि कधी वापरायच्या ते आमची कर्णधार ठरवायची.

त्या यंत्रानंच मला एकदा फसवलं. खरं तर माझ्या अर्धवट ज्ञानानं फसवलं. जिल्हास्तरीय उपांत्य सामना होता. मी 2 मिनिटं 40 सेकंद संरक्षण केलं, आक्रमणात चार गडी टिपले, सामना आम्ही जिंकलो. घरी येऊन तपासलं तर साखर 290. मला वाटलं, खेळल्यावर साखर उतरायला हवी, ही चढली कशी? घाबरून मी संध्याकाळच्या डोसात कुणाला न विचारता सहा युनिट वाढवले. चुरशीच्या पळापळीत शरीर उत्तेजनेची संप्रेरकं सोडतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, म्हणून ती तात्पुरती चढते. आणि रात्री रिकामे झालेले स्नायू ती परत ओढून घेतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. रात्री दोनला आईला जाग आली ती माझ्या अंगाखालची चादर ओली लागली म्हणून. मी हाकेला ओ देत नव्हते. तिनं साखरेचं पाणी तोंडात ओतलं नाही, कारण बेशुद्धीत ते श्वासनलिकेत जाईल हे तिनं रुग्णालयात ऐकून ठेवलं होतं. तिनं मला कुशीवर वळवलं, मध बोटावर घेऊन हिरड्यांना आतून चोळत राहिली, आणि बाबांना रिक्षा आणायला पळवलं. रिक्षा येईपर्यंत मी डोळे उघडले होते. तिसरीपर्यंत शिकलेली माझी आई. त्यानंतर कित्येक वर्षं, मी खेळून आले की ती रात्री दोनचा गजर लावायची, माझ्या कपाळाला आणि मानेला हात लावून बघायची, आणि परत झोपायची. लग्न होऊन मी सासरी गेले तरी दोनला तिला जाग येते.

सगळेच असे नव्हते. एका निवड चाचणीत मी पात्र ठरले, आणि आजार कळल्यावर तिथल्या एका पदाधिकाऱ्यांनी माझं नाव खोडलं. "मैदानात काही झालं तर जबाबदारी कुणाची?" सरांनी वाद घातला नाही. त्यांच्या खिशात वर्तमानपत्राचं एक कात्रण असायचं, वसीम अक्रमचं. 1997 मध्ये त्याला हाच मधुमेह निघाला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी तो लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानचा कर्णधार होता. सरांनी ते कात्रण, वहीची नक्कल आणि केईएमचं पत्र जोडून अर्ज केला. त्या वर्षी उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी मी जिल्ह्याकडून खेळले. पहिला सामना सुरू होण्याआधी सरांनी "जबाबदारी कुणाची" या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून, खाली सही करून पंचांकडे दिलं होतं, हे मला फार उशिरा दुसऱ्यांकडून कळलं.

2003 मध्ये आम्ही बदलापूरला गेलो. पश्चिमेला, नदीच्या अंगाला, तळमजल्यावरचं छोटं घर. तिथंच परवडत होतं. जुना का होईना, आमचा स्वतःचा फ्रिज आला. सामान टेम्पोत चढत असताना मी अम्माकडून डबा आणायला गेले. त्यात दोन बाटल्या होत्या. अम्मानं एक माझ्या हातात दिली आणि दुसरी डब्यात ठेवून झाकण लावलं.

"एक शीशी यहाँ रहने दे, पुट."

"अम्मा, अब हमारे पास फ्रिज है."

"है तो अच्छा है. एक यहाँ रहने दे."

बदलापूरची जांभळं प्रसिद्ध. जूनमध्ये स्टेशनबाहेर आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत घेऊन बसतात. जांभळाच्या बियांची पूड साखरेवर चालते हे सांगणारा प्रत्येक घरात एक तरी भेटतो. आमच्या एका नातेवाइकांनी तर पूडच आणून दिली आणि आईला म्हणाले, महिनाभर सुई बंद ठेवून बघा. आईनं पूड ठेवून घेतली, चहा दिला, आणि ते गेल्यावर मला म्हणाली, "जांभूळ फळ म्हणून खा. सुई चुकायची नाही." ज्यांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही त्यांना सुई थांबवणं म्हणजे काय, हे तिनं कल्याणला सहा दिवस डोळ्यांनी बघितलं होतं. अशा सल्ल्यांनी मुलं दगावलेली आहेत, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहिते.

26 जुलै 2005, मंगळवार. मी सतरा वर्षांची, बारावीत. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत 944 मिलीमीटर पाऊस पडला हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे उल्हास नदी आली. संध्याकाळी उंबऱ्यावर, रात्री कमरेएवढं, मग छातीला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे आम्ही अकरा माणसं जिन्यावर आणि स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसलो. फ्रिज आडवा होऊन तरंगताना मी वरून पाहिला. शाळेच्या दप्तरात एक उघडलेली बाटली होती, तेवढी मी बरोबर घेतली होती. तिच्यात दोन दिवसांचं इन्शुलिन. वीज नाही, फोन बंद, लोकल बंद. स्टेशनाजवळच्या औषधांच्या दुकानांत चिखल. तिसऱ्या दिवशी मी डोस निम्मा केला. आई काही बोलली नाही. तिनं माझ्या ताटातला भात निम्मा काढला आणि मला पुन्हा पुन्हा पाणी पाजत राहिली.

तिकडे अंबरनाथला सर बोटं मोजत होते. माझी बाटली किती दिवस पुरते हे त्यांच्या वहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या घरात वालधुनीचं पाणी शिरून गेलं होतं. गुरुवारी सकाळी ते रुळांवरून चालत उल्हासनगरला गेले, अम्माचं दार ठोठावलं. अम्माकडेही वीज नव्हती. तिनं पहिल्याच रात्री बाटली फ्रिजमधून काढून, पिशवीत गुंडाळून, मातीच्या माठात सोडली होती, आणि माठाला ओलं फडकं. "मुझे पता था कोई आएगा," ती म्हणाली. सरांनी बाटली थर्मासमध्ये घातली आणि परत रुळांवरून बदलापूरच्या दिशेनं निघाले. अंबरनाथच्या पुढं एका ठिकाणी रुळांखालची खडी वाहून गेली होती. रेल्वेचे कामगार कुणाला पुढं सोडत नव्हते. सरांनी त्यांच्यातल्या एका ट्रॅकमनला सगळं सांगितलं, एक चिठ्ठी लिहून दिली. ट्रॅकमननी थर्मास घेतला, चिठ्ठी घेतली, खिशात घातली आणि खचलेल्या रुळांच्या कडेनं निघाले. बदलापूर स्टेशनवर पोहोचून त्यांनी समोरच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवली. दुकानदार गाळ उपसत होते, मला ओळखायचे. फावडं ठेवून ते आमच्या इमारतीपर्यंत आले, गुडघाभर चिखलातून, थर्मास छातीशी धरून. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते.

त्या ट्रॅकमनचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. सरांनी नंतर दोनदा शोध घेतला. पाटीवर बसलेल्या खेळाडूला खो मिळतो तो पाठीमागून. कुणी दिला ते बघायला वेळ नसतो, उठायचं आणि धावायचं. बदलापूरच्या फलाटावर नारिंगी जॅकेट घातलेलं कुणी दिसलं, की आजही मी मान लववते.

पुढं मी पदवी घेतली, शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम केला, बदलापुरातच शिकवायला लागले. मिश्र इन्शुलिन सुटलं, पेन आलं, दिवसाला चार सुया आणि खूप मोकळीक. अम्माकडे वर्षातून एकदा तरी जायची, थदडीला. चूल न पेटवता आदल्या दिवशीचं थंड खाण्याचा सिंधी सण. सगळ्यांसाठी लोलो ही गोड पोळी, आणि एका वेगळ्या फडक्यात माझ्यासाठी कांद्याची पोळी, कोकी. औषधाचा विषय आमच्यात निघायचा नाही.

2014 च्या जानेवारीत अम्मा गेली. दहाव्याला मी गेले तेव्हा तिच्या सुनेनं, भाभीनं, फ्रिज उघडून श्रीखंडाचा डबा माझ्यापुढं ठेवला. "ये तेरा है. अम्मा किसी को हाथ नहीं लगाने देती थी." झाकणावरची अक्षरं पुसून गेली होती. आत मिश्र इन्शुलिनची एक बाटली, सील न तोडलेली. मला वाटलं, पुरानंतर आणून ठेवलेली जुनी असेल. कधीच मुदत संपली असेल. सवयीनं मी ती उजेडात धरून तारीख वाचली. मे 2015.

बॅरेकीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मी बाटली दाखवली. काका लगेच म्हणाले, "अम्मांची ना? मुदत संपत आली की यायच्या. जुनी द्यायच्या, नवी न्यायच्या. मी त्यांना म्हटलं होतं, अम्मा, मुलगी आता पेन वापरते, ही तिला लागत नाही. तर म्हणाल्या, बारिश का क्या भरोसा."

मी पिशवी मागितली. काकांनी न सांगता तिच्यात बर्फ भरला. बदलापूर येईपर्यंत ती माझ्या मांडीवर होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं.